बाय, ते पाणी टँकरचं होतं

बाय,

अक्षर वाकडं येतंय आणि ऱ्हस्व-दीर्घ कुठे काय द्यायचं ते मला अजून कळत नाही, त्याबद्दल आधीच माफ कर. चौथीनंतर पेन हातात घेतलं ते सही करायला आणि किराणाची यादी लिहायला. त्या यादीवरही तू हसायचीस. "रंजने, यो गूळ लिवलास का गुळवेल? दुकानदार काडा देल बांधून." आताही हसशील. हस. पण जिवंत असताना माझं बोलणं अर्धं ठेवून उठून जायचीस, तसं हे अर्धं ठेवून जाऊ नकोस.

तेरावं झालं. तुझी लेक करंज्याला परत गेली. तुझ्या भावाने मागच्या खोलीला कडी लावली आणि टेम्पो घेऊन कामाला गेला. घरात मी एकटी आहे. रडण्यासाठी लिहायला बसले नाही, रडून झालंय. मला तुला एक गोष्ट विचारायची आहे. ती मी तुला एकदाच विचारली होती आणि तू मला गप केलंस.

त्या दिवशी विहिरीच्या पाण्याचा नमुना घ्यायला माणूस आला. तू त्याला घरातल्या कळशीतलं पाणी का दिलंस? चुकून दिलंस, की कोणी सांगितलं म्हणून दिलंस?

मला तुझा संशय आला, बाय. तू गेलीस तेव्हाही तो माझ्या मनात होता. लोक तुझ्यावर फुलं टाकत होते आणि मी तुझ्या पायाकडे बघत होते. ऑपरेशन झालेल्या गुडघ्याकडे. मनात म्हणत होते, याचे पैसे कोणी भरले?

तू नवरा गेल्यावर लेकीला घेऊन माहेरी परत आलीस, तेव्हा मी धसकले होते. नणंद कायमची घरात आली, आता आपलं काही खरं नाही, असं वाटलं. पहिल्याच दिवशी तू माझी भाकरी उचलून उजेडात धरलीस. "यो काय नकाशा काढलास गो?" आणि माझा हात धरून परातीवर फिरवलास. तीच माझी पाचवी आणि तीच सहावी. पुढे आपण दोघी लग्नाच्या हळदीला लागणाऱ्या भाकऱ्यांच्या ऑर्डरी घ्यायला लागलो. अंगणात दोन चुली, दोन मातीचे तवे, मध्ये उकडीची परात. तू बोलायचीस, मी ऐकायची. गावाला वाटतं मला बोलता येत नाही. मला येतं. पण समोर तिसरं माणूस आलं की शब्द घशाशी बसतात. चुलीपाशी तुझ्यासमोर कधी बसले नाहीत. मी तिथे किती बोलले असेन ते फक्त तुला माहीत. त्याबद्दल तुला कधी काही म्हटलं नाही. आपल्याकडे असं कोण कोणाला म्हणतं?

संशय घ्यायला मला तूच शिकवलंस. गावामागच्या माळावर कारखान्यांचा केमिकलचा कचरा पुरायला लागले, तेव्हा साहेब लोक सांगून गेले की खड्ड्यात जाड काळं प्लास्टिक अंथरलंय, खाली थेंब उतरणार नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. तू घरी येऊन बोललीस, "आपल्या छपराला दर साली नवा प्लास्टिक लागतो. ह्यांचा जल्मभर टिकनार?" डंपर निळ्या ताडपत्रीखाली झाकून यायचे. "जो झाकावा लागतो तो चांगला कसा असंल?" कोणी गोड बोललं की तू डोळे बारीक करायचीस. मला तेव्हा वाटायचं, बाय कोणाचंच चांगलं बघत नाही. आता वाटतं, तुझा संशय कमीच पडला.

जासईची ती हळद आठवते? विहिरीच्या पाण्यावर उकड घेतली होती. पिठाला औषधाच्या बाटलीसारखा वास येत होता. पण रोजच्या वासाने आपली नाकं मेली होती. पहिल्या पंगतीने भाकऱ्या ताटाच्या कडेला सारल्या. नवऱ्या मुलाची आई भली, तोंडावर काही बोलली नाही. टोपलीवर फडकं टाकून टोपली परत दिली. दुसऱ्या दिवशी तू ती टोपली डोक्यावर घेतलीस आणि सरळ डम्पिंगच्या गेटवर गेलीस. मी मागून धावत. सिक्युरिटीवाल्याच्या टेबलावर एकेक भाकरी मांडलीस.

"खा. तुमच्याच पान्याच्या हायत."

तो बिचारा बिहारचा. त्याला वाटलं प्रसाद आहे, त्याने एक तोडून तोंडात घातली आणि थुंकली. तू जोरात हसलीस आणि हसता हसता तिथेच खाली बसलीस. तुझ्या बाजूला आणखी बाया येऊन बसल्या. मोर्चा मोर्चा म्हणतात तो आपल्या गावात असा सुरू झाला, नासक्या भाकरीवरून.

त्यानंतर किती वेळा बसलो गेटवर. पोलीस आले, उठवलं, परत बसलो. बाळाराम गाडीतून उतरून यायचा. आपल्याच आळीतला, डम्पिंगला माणसं आणि गाड्या पुरवणारा. गळ्यात चेन, हातात थंड पाण्याच्या बाटल्या.

"आका, उनात कशाला बसल्याव? तुमच्या भाकरी कँटीनला लावून देतो, रोजची ऑर्डर."

"लाव ना. पन पीठ तुज्या डम्पिंगच्या बोरच्या पान्यात मलनार. तू खाशील का पैला?"

बाया हसल्या. बाळारामही हसला. मला त्याचं ते हसणं आवडलं नाही. ज्याचा अपमान झालाय तो असा हसत नाही, ज्याला वेळ आहे तो हसतो.

मग हायवेकडच्या टॉवरमधल्या मॅडम आल्या. त्यांच्याकडे वास जायचा, म्हणून त्याही भांडायला लागल्या. समाजमंदिरात त्यांनी नकाशा लावला. डम्पिंगच्या भोवती कंपनीने बारीक बोअर मारलेत, त्यातलं पाणी ठरलेल्या वेळी तपासायचं असतं, म्हणजे खालून काही झिरपतंय का ते कळतं, असं त्यांनी समजावलं. "ताई, हे सगळे पीझोमीटर वरच्या साइडला आहेत. पाणी उताराने तुमच्या गावाकडे येतंय आणि त्या डायरेक्शनला एकच आहे, तोही बंद. आपल्याला तुमच्या विहिरींचे सॅम्पल्स मस्ट आहेत."

"काय मीटर?" तू विचारलंस.

"पीझोमीटर."

"पायजमामीटर," तू माझ्या कानात बोललीस. मी पदर तोंडात कोंबला. तेव्हापासून आपल्या बायांमध्ये ते नाव पडलं. कंपनीचा पायजमा. वर बांधलेला, खाली सुटलेला. मॅडमना कळलं असतं तर काय वाटलं असतं कोण जाणे.

त्यांच्यावरही तुझा पूर्ण विश्वास नव्हता. "तिला वास जायला पायजे, आपल्याला पानी पायजे. तिचा वास गेला का ती बी जाईल." पण पुरं ऐकून घ्यायचीस. मॅडमनी खटपट करून गावच्या विहिरी तपासणीत घ्यायला लावल्या. त्यात आपली अंगणातली विहीर होती. भांडण आपल्या विहिरीवरून पेटलेलं, म्हणून सगळ्यांचं लक्ष तिच्यावर.

तेव्हा आपण घरात टँकरचं पाणी भरत होतो. प्यायला आणि ऑर्डरीच्या उकडीला. पितळेची कळशी दाराआड, झाकण घालून. विहिरीचं पाणी भांड्यांना आणि झाडांना.

तो माणूस आला भर दुपारी. खांद्याला बर्फाची पेटी, शर्ट घामाने चिकटलेला. तू ओट्यावर पाय लांब करून बसली होतीस, गुडघा तेव्हाच सुजायला लागला होता. मी आत चुलीपाशी, हात उकडीत. दारातून मला तुझी पाठ आणि त्याचं तोंड दिसत होतं.

"मावशी, पाणी घ्यायला आलोय."

तू उठलीस. भिंतीला धरून आत आलीस, माझ्या बाजूने गेलीस, कळशी उचललीस, तांब्या घेतलास आणि बाहेर गेलीस. मला वाटलं पाणी पाजतेय. मी भाकरी उलटली. परत बघितलं तेव्हा तो कळशीतून बाटली भरत होता. तू कळशी तिरकी धरली होतीस. हाताचं पीठ पुसून मी दाराशी येईपर्यंत त्याने झाकण लावलं, कागद चिकटवला आणि पेटीत ठेवून तो गेला.

संध्याकाळी मी तुला बोलले. "बाय, तो पानी टँकरचा होता गो."

तू भाकरी थापत होतीस. तुझा हात थांबला. तो थांबलेला हात मी अजून बघतेय. मग तू बोललीस, "त्याने पानी मागला, मी पानी दिला."

"पन बाय, त्याला नमुना..."

"तुला काय कलते? गप."

इतक्या वर्षांत चुलीपाशी तू मला पहिल्यांदा गप म्हणालीस.

रिपोर्ट आला. समाजमंदिरात वाचला. आपल्या विहिरीचं पाणी पिण्यास योग्य. बाळारामच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमचा चेहरा उतरला. "हाऊ इज दॅट पॉसिबल?" असं त्या दोनदा म्हणाल्या. सगळ्यांनी तुझ्याकडे बघितलं. तू गेटवर भाकऱ्या मांडणारी, आता काहीतरी बोलशील असं सगळ्यांना वाटलं. तू चपला शोधत होतीस. सगळ्यांच्या चपलांमध्ये तुझी चप्पल तुला सापडत नव्हती, की तू शोधतच राहिलीस, मला माहीत नाही. मी तुझ्या तोंडाकडे बघत राहिले. तू माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीस.

त्यानंतर तू गेटवर आली नाहीस. गुडघ्याचं निमित्त होतं. मग पनवेलच्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. पैसे करंज्याच्या जावयाने दिले, असं तू सांगितलंस. पुढे जावई भेटायला आला तेव्हा स्वतःच बोलून गेला, यंदा मासळीच नाही, बोटीचं डिझेल सुटत नाही. मी चहा गाळत होते. गाळणी हातात तशीच राहिली.

तिथून आपलं बिघडलं, बाय. आपण दोघी त्याच दोन चुलींपाशी बसायचो, पण मी तुझ्यावर नजर ठेवून होते आणि तुला ते कळत होतं. तुझा फोन वाजला की मी तवा खरडायचं थांबवायची. तू फोन घेऊन खोलीत जायचीस. तुझ्या खोलीत नवा पंखा आला तेव्हा मी तुझ्या भावाला विचारलं, "कोणी घेतला?" तो म्हणाला, "मीच." त्याच्यावरही माझा विश्वास बसला नाही. त्याचा टेम्पो अधूनमधून बाळारामच्या कामावर जायचा. तूही मग मला पारखी झालीस. "पालत ठेवतेस का गो माज्यावर?" एकदा विचारलंस. मी म्हटलं नाही. आपल्या दोघींतलं ते शेवटचं भांडण, आणि ते धड झालंही नाही.

तुझा शेवटचा आजार काय होता, ते डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलंय. मला तो कागद वाचता येत नाही आणि वाचून दाखवला तरी माझा विश्वास बसत नाही. तुला कोणी काही वाचून दाखवलं की तू जशी बघायचीस, तशीच मी त्याच्याकडे बघते.

दहाव्याला बाळाराम आला. पुरुषांमध्ये बसला, डोळे पुसले. मी आतून चहाचे कप देत होते. तो तुझ्या भावाला म्हणाला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला नाही, पण मला ऐकू जाईल असं म्हणाला.

"आकाच्या पायाचे मीच दिले होते. कोनाला बोल्लू नाय. माघारी नको मना. आपली आका. फकस्त आता ती विहिरीची भानगड उकरू नका. मेलेल्या मानसाचा नाव कशाला खराब करायचा?"

बाय, मला वाटलं चला, कळलं. तू विकली गेलीस. मी हातातली कपबशी खाली ठेवली.

तुझी लेक करंज्याला निघाली तेव्हा मी तिला विचारलं. ती आधी रडली. मग म्हणाली, "आयने मना शपथ घातली होती, मामीला सांगू नको. पाय टेकवंना झाला तवा बालाराम पैसे घेऊन आला. रिपोर्टाच्या नंतर. आय बोल्ली, मी तोंड इकून पाय घेतला."

तोंड विकून. म्हणजे पाणी विकून नव्हे? मी लेकीला परत परत विचारलं, पैसे आधी की रिपोर्ट आधी? ती म्हणाली, रिपोर्ट आधी. पण ती तुझी लेक आहे. तिच्यावर तरी मी का विश्वास ठेवू?

इथपर्यंत लिहून मी हे कागद डब्यात ठेवले होते. मध्ये बरेच दिवस गेले. आता लग्नसराई संपत आली आहे आणि मला तुला पुढचं सांगायचं आहे. तुला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालंय. अर्धं.

मॅडम सोडून गेल्या नाहीत, बाय. तुझा तेवढा अंदाज चुकला. त्यांनी भांडून विहिरींचा नमुना परत घ्यायला लावला. वार ठरला होता, वेळ नाही. ऊन कडक. मी ऑर्डरीच्या भाकऱ्या थापत होते, एकटी, तुझी चूल रिकामी. दारात सावली पडली. तोच माणूस, तीच पेटी, तसाच घामाघूम.

"ताई, पाणी घ्यायला आलोय."

आणि मी उठले, बाय. काही विचार न करता उठले, कळशीवरचं झाकण काढलं, तांब्या भरला आणि दारात जाऊन त्याच्यासमोर धरला. तो आज येणार हे मला माहीत होतं. कशाला येणार तेही माहीत होतं. तरी कोणी दारात येऊन पाणी म्हणालं की आपला हात कुठे जातो? विहिरीकडे जातो का? नासलेल्या विहिरीकडे कोणी पाहुण्याला दाखवतं का? हात घरातल्या चांगल्या पाण्याकडे जातो.

मी तांब्या धरून उभी राहिले.  तो घटाघटा प्यायला आणि बाटली पुढे करून म्हणाला, "यातलंच द्या ना भरून. मागच्या वेळी मावशींनी असंच दिलं होतं. मी प्यायलो आणि म्हटलं, यातच भरून टाका, माझे फेरे वाचतील. त्या म्हणाल्या पण काहीतरी, विहीर तिकडे हाय म्हणून. मीच म्हटलं, मावशी, पाणी तेच ना?"

"मंग बाय काय बोलली?" मी विचारलं. अनोळखी पुरुषाला मी सरळ प्रश्न विचारला.

"काही नाही. हसल्या. मला वाटलं हो म्हणाल्या."

तू हसलीस. पाहुण्याला खोटं पाडायचं नाही म्हणून हसलीस, की ऊन होतं आणि गुडघा दुखत होता म्हणून, ते आता कोणाला विचारू? पण तुझा थांबलेला हात मला आता कळला. मी टँकरचं म्हणाले तेव्हाच तुला उमगलं, आपण काय करून बसलो. गावाला सांगायचं तर तुला सांगावं लागलं असतं, मी सगळ्यांना गेटवर बसवलं आणि मीच नमुन्यात टँकरचं पाणी घातलं. तुला ते सांगता आलं नाही. बाळारामला कोणाकडून तरी कळलं. कोणाकडून, ते मी अजून शोधतेय. मग तो पैसे घेऊन आला. पाण्याचा संशय मी तुझ्यावरून काढून घेतला, बाय. पैशाचा काढता येत नाही. तू घेतलेस.

त्या माणसाला मी म्हटलं, "यो प्यायचा पानी. तुमचा तिकडे." आणि विहिरीवर नेलं. बाटली त्याच्या हातून घेतली नाही, पण पोहरा मी ओढला. पाण्यावर तेलासारखी साय होती. कागदावर काय लिहिलं ते मोठ्याने वाचायला लावलं. दुसरी बाटली मॅडमच्या माणसासाठी भरून घेतली. त्याला वाटलं असेल, बाई फार संशयी आहे. तुझ्याच हाताखाली शिकले, त्याला काय माहीत.

रिपोर्ट अजून आलेला नाही. आला तरी मी लगेच मान हलवणार नाही. पण नुसता नवा रिपोर्ट येऊन भागणार नव्हतं. पहिला खोटा होता, हे कोणीतरी उभं राहून सांगायला हवं होतं. नाहीतर एक बरा, एक वाईट, असं म्हणून दोन्ही फाईलला लावले असते. बघितलेली मी एकटीच. आणि मी तोंड उघडलं की बाळाराम दुसरं तोंड उघडणार, आकाने पैसे घेतलेत. त्याने ते माघारी नको म्हटलं होतं ते याचसाठी. तुझ्या पायाचे पैसे माझ्या तोंडावर बांधले होते.

तुझ्या भावाशी भांडण झालं. "तो मागत नाय ना? मंग तू कशाला देतेस?"

"मागत नाय म्हनूनच."

थोडे थोडे द्यायला गेले तर बाळाराम घेईना. "सगले एकदम दे वयनी, नायतर राहू दे. भीक नको मना." त्याला वाटलं एकदम कुठून जमतात हिच्याकडे. मग मी या लग्नसराईत एक ऑर्डर सोडली नाही. तुझी चूलही मीच पेटवली, दोन तव्यांवर एकटी. एका तव्याकडे बघितलं की दुसऱ्यावरची भाकरी करपायची. करपलेल्या भाकरीला तू काय म्हणाली असतीस ते मीच मोठ्याने म्हणायची. किती घेतले होतेस ते लेकीने सांगितलं आणि थोडे तिनेही पाठवले. तुझ्या भावाने काही न बोलता टेम्पोचे थोडे परातीखाली ठेवले. पंखा खरंच त्यानेच घेतला होता, बाय. त्याची पावती त्याने मला दाखवली नाही, मी मागितलीही नाही. विश्वास ठेवला. एवढा एकदाच.

एक गोष्ट तुला विचारून करायला हवी होती, पण विचारायला तू नाहीस. पैसे चारचौघांत दिले तर तू घेतले होतेस हे चारचौघांना कळणार. गुपचूप दिले तर तो म्हणणार, दिलेच नाहीत. तुझं नाव की विहीर, असं होतं ते. मी पोहऱ्यातली ती साय आठवली आणि विहीर धरली. याबद्दल तुला राग आला तर मला दुसऱ्या जन्मी गप म्हण, ऐकून घेईन. पण मला वाटतं, भाकऱ्या मांडायला गेलेली तू हेच धरलं असतंस.

परवा समाजमंदिरात सभा होती. पैसे देऊन झाल्यावर मी तिथे टँकरच्या पाण्याबद्दल जे बोलले ते गावभर झालंय. शब्द अडखळले, मध्ये पाणी प्यावं लागलं, पण बोलले. ते तुला कोणीही सांगेल. त्याच्या आधीचं मात्र मीच सांगते.

मॅडमनी पहिल्या रिपोर्टाचा विषय काढला तसा बाळाराम उठला. "आकाने सोताच्या हाताने पानी दिलाय. गेलेल्या बाईला खोटी पाडनार का तुमी?"  मी मागे बायांमध्ये बसले होते. उठले, पुरुषांच्या मधून वाट काढत गेले आणि रुमालात बांधलेले पैसे त्याच्या समोरच्या टेबलावर ठेवले.

"यो काय गो, वयनी?"

"बायच्या ऑपरेशनाचे."

मागून कोणीतरी म्हणालं, "म्हंजे घेतले होते." मी ऐकलं, बाय. तूही ऐकलं असशील.

"मी मागितले का?" तो हळू बोलला. "घरी बोलू. ही काय जागा हाय का?"

"हितंच. मोज."

तो इकडे तिकडे बघायला लागला. सगळे त्याच्याकडेच बघत होते. त्याने रुमाल सोडला, अंगठा जिभेला लावला आणि मोजायला घेतले. भाकरीच्या पैशांना पिठाचा वास असतो, सुट्या नोटा फार असतात, वेळ लागला. "हिला कोनी दिले एवढे? दुसऱ्या कंपनीने?" असंही कोणीतरी कुजबुजलं. मी वळले नाही. तो थांबला, परत पहिल्यापासून मोजले. मी उभी होते.

"पुरे?" मी विचारलं. सगळ्यांना ऐकू गेलं.

"पुरे हायत," तो म्हणाला.